सिंगापूरमधील चिनी मुलींच्या शाळा: श्रेय कोणाचे?

वाचनवेडी
ब्रिटिश राजवटीमुळे सिंगापूरच्या चिनी मुली शिकू लागल्या, असे विधान वारंवार वाचनात येते. मात्र आरंभीच्या शाळांच्या संस्थापकांत मिशनरी आणि चिनी व्यापारी घराण्यांतील मंडळीच दिसतात. मग सरकारने नेमके काय केले? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

बंदरकाठ
सरकारचा हात आखडताच होता. मोफत प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्याने घेतली ती मुख्यतः मलय भाषेतील शाळांपुरती. इंग्रजी शाळांना अनुदान मिळे आणि चिनी शाळा त्या त्या समाजावर सोडून दिलेल्या होत्या. मुलींसाठी पहिले पाऊल लंडन मिशनच्या मारिया डायर यांनी १८४२ मध्ये टाकले. त्यांच्या शाळेत मुई त्साय, म्हणजे गरीब आईबापांनी घरकामासाठी विकलेल्या मुलीही आल्या. पुढे सोफिया कुक यांनी ती शाळा १८५३ पासून चार दशके चालवली. मुलींनी केलेले भरतकाम विकून खर्चाला हातभार लागे, त्यामुळे सुईदोरा हा तिथे केवळ गृहिणीपणाचा धडा नव्हता.

सुखवस्तू घरांची अडचण वेगळी होती. मुलगी वयात आली की लग्न होईपर्यंत तिने उंबरठा ओलांडायचा नाही, अशी रीत असल्यामुळे शाळा काढूनही भागत नव्हते, आधी आयांची समजूत घालावी लागे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या मेथडिस्ट मिशनरी सोफिया ब्लॅकमोर याच कामासाठी घरोघर फिरल्या आणि १८८८ मध्ये एका पेरानाकान (म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मलय मुलखात स्थायिक झालेल्या चिनी घराण्यातील) बाईंच्या घरातच त्यांनी वर्ग भरवला. शाळाच घरात आल्यावर रीत मोडल्याचा ठपका कोण ठेवणार!

जुनी पाने
वरील प्रतिसादात १८९९ चा टप्पा राहिला आहे. डॉ. लिम बून केंग आणि साँग ओंग सियांग यांनी त्या वर्षी सिंगापूर चायनीज गर्ल्स स्कूल काढले. दोघेही ब्रिटनमध्ये शिकलेले. मुलींची शाळा मिशनऱ्यांच्या नव्हे, आपल्या समाजाच्या हातात असावी, हा त्यांचा आग्रह होता. पहिल्या दिवशी अवघ्या सात मुली आल्या. पेरानाकान घरांत बायका मलय बोलत, म्हणून रोमन लिपीतील मलय, चिनी, अंकगणित आणि शिवण अशा विषयांनी आरंभ झाला. सुशिक्षित बायको आणि सुजाण आई घडवण्याचा त्यांचा हेतू मला तरी संकुचित वाटतो, परंतु मुली त्या चौकटीत मावल्या नाहीत. याच शाळेत शिकलेल्या ली चू निओ पुढे सिंगापूरच्या पहिल्या चिनी स्त्री डॉक्टर झाल्या. १९१३ मध्ये त्यांनी चिनी मुलींच्या कोंडलेल्या आयुष्यावर इंग्रजीत लेखही लिहिला होता.

वाचनवेडी
आभार. चिनी माध्यमाच्या मुलींच्या शाळा मग कधी आल्या?

बंदरकाठ
त्यामागे चीनमधील राष्ट्रवादाची लाट होती. १९११ मध्ये चुंग ह्वा, तर १९१७ मध्ये नान्यांग ही मुलींची शाळा निघाली. नान्यांगच्या संस्थापकांत चिनी क्रांतीचे नेते सुन यत्-सेन यांचे समर्थक होते. इथे मात्र सरकार खडबडून जागे झाले. १९१९ च्या जपानविरोधी निदर्शनांत चिनी शाळांचे शिक्षक व विद्यार्थी पुढे असल्याचे पाहून १९२० मध्ये शाळा, शिक्षक आणि चालक यांची नोंदणी सक्तीची करण्यात आली. मुलींना काय शिकवावे याची फिकीर ज्या सरकारने पाऊणशे वर्षे केली नव्हती, त्याला त्यांचे शिक्षक कोण, हे मात्र आता कळायला हवे होते.