हँग झालेला संगणक कीबोर्डनं सोडवलाय का कधी? (अनुभव)

शमी: काल लेकीचा लॅपटॉप गोठला. बाण जागच्या जागी, पंखा घरघरतोय, लेक रडकुंडीला. पॉवरच्या बटणाकडे गेलेला तिचा हात धरला आणि एकदम २००९ आठवलं. एम.एस्सी.चा प्रबंध, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), रात्रीचा दीड. लॅबमधल्या सीनियर ताईनं आधी कॅप्सलॉक दाबला. दिवा लागला, विझला. "कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जिवंत आहे, रडू नकोस." मग ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एकेक अक्षर, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत: आर, ई, आय, एस, यू, बी. आर कीबोर्ड परत ताब्यात घेतो, ई सगळ्या प्रोग्रॅमना आवरायला सांगतो, आय न ऐकणाऱ्यांना मारतो. एस राहिलेलं डिस्कवर उतरवतो, यू डिस्कवरचं लिहिणं बंद करतो, बी रीबूट. एस दाबल्यावर लुकलुकलेला डिस्कचा लाल दिवा अजून डोळ्यांपुढे आहे. तुमचेही लिहा ना.

घाटवाट: आम्ही ही अक्षरं अशी पाठ केली होती: रोज एक इडली सांबारात उभी बुडवायची!

अनघा_क: घाटवाट 😂 आता जन्मात विसरणार नाही.

तळेगावकर: एक सांगतो, सेव्ह न केलेला मजकूर एसनं बचावत नाही. पण फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, शाबूत राहते. भारनियमनात धाडकन मशीन बंद पडायचं, मग चालू करताना एफएससीके, म्हणजे डिस्कची तपासणी, संपेपर्यंत बसा वाट बघत. इन्व्हर्टर घेतला तेव्हा आई म्हणाली, फ्रिजला नाही आणि याला?

मनवा: आमच्याकडे पण तेच! फ्रिजमधलं दूध नासायचं.

रानजाई: विंडोजवाल्यांसाठी: स्क्रीन काळी पडली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट, बी. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, उघडलेलं काम तसंच राहतं. मीटिंग चालू असताना वाचले मी यामुळे.

बाबूराव७: मी आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ करतो. काळ्या स्क्रीनवर लॉगिन, मग टॉप (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी आज्ञा), दोषी सापडला की किल आज्ञेनं बंद. तेही उघडलं नाही तरच इडली.

अनघा_क: शमीताई, लेकीचा लॅपटॉप सुटला का?

शमी: सुटला गं. पण ई, आयला काहीच हललं नाही, धस्स झालं. यातली कुठली अक्षरं चालू द्यायची ते एका आकड्यानं ठरतं; उबुंटू आता मुळात १७६ लावून देतं, म्हणजे १२८+३२+१६: रीबूट (बी), यू, सिंक (एस). त्यामुळे शेवटची तीनच चालली. रात्री तो आकडा ठेवणाऱ्या /प्रॉकमधल्या सिसआरक्यू फाइलमध्ये १ टाकून सगळी उघडली.

घाटवाट: कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडलींचं. मूळ कीबोर्डवर एका हातानं चुकून दाबलं जाऊ नये म्हणून मुद्दाम लांबलांबची बटणं घेतली.

मनवा: माझं प्रिंटस्क्रीन एफएनसोबत आहे. इतकी बोटं कुठून आणू?

बाबूराव७: ऑल्ट धरा, एफएन-प्रिंटस्क्रीन दाबा, मग एफएन सोडा. ऑल्ट सोडू नका. बऱ्याच लॅपटॉपवर चालतं.

रानजाई: इडलीवरून आठवलं, थंडीत पीठ फुगत नाहीये, कुणी सांगेल का?

अनघा_क: चालू राउटरवर पातेलं ठेव. खरंच. ऊब पुरते.