अनुभव धागा: पोरं झोपली की तुमची सुट्टीच नं?

खामल्याची पाळणाघरवाली (धागा सुरू करणारी)

परवा एक आई लेकराला घ्यायला आली अन् हसत म्हणाली, "काकू, एक ते तीन तुमची सुट्टीच नं? पोरं तर झोपलेली असतात." मीही हसले. रात्री भांडी घासताना मात्र राग आला. तिचा नाही, माझाच. तेव्हाच उत्तर द्यायला काय झालं होतं? म्हणून हा धागा. नागपुरात मुलं सांभाळणाऱ्यांनी आपापला एक साधा दिवस लिहा. पाळणाघर, अंगणवाडी, कुणाच्या घरी जाऊन सांभाळणं, सगळं चालेल. मोठे प्रसंग नकोत, मंगळवारसारखा दिवस हवा.

माझ्याकडे दोन खोल्या, एक वरांडा, नऊ मुलं, मी आणि एक मावशी. पहिलं बाळ सव्वाआठला येतं, त्याची आई मिहानला कामाला जाते. सात महिन्यांचं आहे, काढलेलं दूध बाटल्यांतून येतं. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं. आपल्या मे महिन्यात कूलर लावूनही खोली 25 वर येते का? म्हणून पिशवीतून थेट फ्रिजमध्ये, प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी अन् वेळ. पाजताना गरम पाण्यात बाटली ठेवून कोमट करायचं, उष्टं उरलं तर जीवावर आलं तरी फेकायचं.

मग डबे. दोन वर्षांच्या एका पोराच्या डब्यात रोज अख्खे फल्लीदाणे यायचे. दाणा श्वासनळीत अडकतो हो, सांगून पाहिलं. आजी म्हणाल्या, "आम्ही नाही का खाल्ले?" आता मी खलबत्त्यात कूट करून वरणात टाकते. डबा रिकामा जातो, आजी खूश.

अन् एक ते तीनचं म्हणाल तर आठ झोपतात तेव्हा नववा उठतो. एकाला माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोप नाही. मी मान वाकडी करून पडलेली, एक कान त्याच्या मुठीत, अन् मोकळ्या हातानं वहीत लिहून राहिली: कोणी किती खाल्लं, कोणाची शी पातळ, कोणाचं अंग गरम. कानात टॉप्स घालणं सोडलंय.

कामठी रोडची अंगणवाडी सेविका

ताई, आमची लेकरं झोपतच नाहीत, खिचडी खाऊन घरी पळतात. मग आमचा मोबाईल जागा होतो. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर, म्हणजे नोंदी भरायचं ॲप, आला तेव्हा वाटलं, रजिस्टरं सुटली. रजिस्टरं आहेत तिथंच आहेत, वर ट्रॅकर आला. आता घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा जुळवावा लागतो. बाळंतीण दारात उभी, कडेवर पोर, मी म्हणते डोळे मिचकाव, ती मिचकावते, अन् नेट गोल गोल फिरून राहिलं. तिची सासू आतून विचारते, "काऊन व, डोया आला का तिचा?"

पण एक सांगते. कुपोषण बघायला दंड मोजायची फीत आहे नं, तिच्यावर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळं, वर हिरवं. एका पोरीचा दंड पिवळ्यात अडकला होता, बारा पॉइंट एक. आई कामाला जाते, पोरगी दिवसभर बिस्किटाच्या पुड्यावर. मी दुपारी घरी जाऊन मोठ्या बहिणीला शिकवलं, खिचडीत तेल कसं सोडायचं, अंडं कसं कुस्करायचं. बहीण दहा वर्षांची. अडीच महिन्यांनी फीत हिरव्यावर आली तेव्हा मी तीनदा मोजलं. फीत ओढून धरली तर आकडा कमी येतो, सैल धरली तर जास्त. मला माझ्याच हाताचा भरवसा नव्हता.

अंगणवाडी मदतनीसची मुलगी, पारडी

आई सांगून राहिली, मी टाईप करते. ती सकाळी कुलूप उघडते, झाडते, पाणी भरते, मग घरोघर जाऊन पोरं गोळा करते. काही पोट्टे पलंगाखाली लपतात. 4 डिसेंबर 2023 पासून संप होता, तेव्हा मदतनीसचं मानधन 5,500 होतं. अधिवेशन नागपुरातच, आई मोर्चाले गेली. बाकीचे दिवस घरीच. तेवढ्यात एक पोट्टा रोज आमच्या दारात येऊन उभा राहायचा, ताटली घेऊन. आई त्याले घरचं वाढायची. हे लिहू नको म्हणते, मी लिहिलं.

साईटवरची ताई, बेसा

बांधकामावर 50 पेक्षा जास्त बाया असतील तर पाळणाघर द्या, असा 1996 चा कायदा होता. आमच्या साईटवर बाया अठरा. म्हणून पत्र्याची खोली अन् मी, हेच खूप. उन्हाळ्यात पत्र्यावर ओली पोती टाकतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही, हे तीनदा सांगावं लागते. दर अर्ध्या तासानं डोकी मोजते. लिफ्टचा खड्डा अन् पाण्याचं टाकं दोन्ही जवळ आहेत. झोपली तरी मोजते.

बहुतेक आया छत्तीसगडच्या. पहिल्या आठवड्यात एका डब्यात रात्रीचा भात पाण्यात बुडालेला दिसला. मले वाटलं खराब झाला, फेकून देला. आई आली तर म्हणे, "बासी हे दीदी, बासी!" तिकडं उन्हात तेच खातात, मीठ अन् कांदा घालून. त्या दिवशी पोरगं उपाशी राहिलं असतं, माझ्या डब्यातली भाकर देली. आता मीही घरी कधीकधी बासी खाते बाप्पा, उन्हात बरी लागते.

घरी जाऊन सांभाळणारी

बाळ झोपलं की मॅडम फोन करतात, "मावशी, तेवढी मेथी निवडा." हॉलमध्ये कॅमेरा आहे. झोपलेलं बाळ दिसते तसं माझं बसणंही दिसते.

एक बाबा

मुलगी पाळणाघरात आहे. पावणेसातला येतो म्हणतो, सव्वासातला पोचतो. वर्धा रोडचा ट्राफिक सांगतो. कधीकधी ट्राफिक नसतो, चहा असतो. पुढं लिहीत नाही.

महालची आजी, पाळणाघर 20 वर्षं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा. सकाळी मारबतीच्या मिरवणुकीनं रस्ते बंद, त्यामुळं पोरं उशिरा येतात, पण प्रत्येकाच्या हातात चाकाचा लाकडी बैल. गळ्यात फुग्याची माळ काय, शिंगांना बेगड काय. ओळीनं उभे केले, पूजा झाली, सगळ्यांना बोजारा म्हणून दहा-दहा रुपये अन् फुटाणे-साखर. कोणाचा बैल मोठा यावरून दोघांची मारामारी झाली, तिसऱ्याच्या बैलाचं चाक निघालं, ते मी खराट्याच्या काडीनं बसवलं. दुपारी कोणी बैल सोडून झोपेना. मग सगळे बैल उशाशी. झोपेत कूस बदलली की शिंग टोचतं, एक रडतो, तीन उठतात. ही माझी सुट्टी.

संध्याकाळी सगळे गेले. मुलं चौदा होती. मी झाडून काढलं तर कपाटामागं एक बैल. प्रत्येक आईला विचारलं, प्रत्येक म्हणते आमचा घरी आहे. म्हणजे पोरं चौदा, बैल पंधरा. शिंगाला हिरवी बेगड, डावा कान तुटलेला. कोणाचा असेल तर घेऊन जा, सातपर्यंत उघडं असतं.