१९७६ ची गोल्डविंग ११ वर्षं झाकून पडलीये, सुरुवात कुठून करू?

पाना_१७
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. काकांची १९७६ ची होंडा गोल्डविंग जीएल१००० माझ्याकडे आलीये. शेवटची चालली त्याला ११ वर्षं झाली, तेव्हापासून ताडपत्रीखाली. इंजिन जाम नाहीये, प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस थांबले आणि हाताने फिरवलं तर फिरलं. टाकीत डोकावलं तर आतून चहाच्या रंगाचं काहीतरी आहे, वास वार्निशसारखा. पुढचे ब्रेक दाबले की दाबलेलेच राहतात.

काकांनी पुढे मोठी फेअरिंग (वारा अडवणारं आवरण) लावून घेतली होती, विंडजॅमर नावाची, मागे दोन बाजूला डबे आणि वर एक ट्रंक. लांब लांब फिरायचे ते. मला पण लांबच फिरायचंय पण ते सगळं अवजड वाटतं, शिवाय फेअरिंगला दोन तडे आहेत. डोक्यात असं आहे की गाडी पूर्ण खोलायची, फ्रेम आणि टाकी रंगवायची, सीट बारीक करायची, मागचा भाग थोडा कापून स्वच्छ करायचा आणि मग इंजिनकडे वळायचं. रंगाचं काम करणारा ओळखीचा आहे आणि तो पुढच्या महिन्यात मोकळा आहे म्हणून घाई. क्रम बरोबर आहे ना? आणि फेअरिंग काढली तर पाप लागेल का?

गंजखाऊ
भाऊ थांबा. रंग सगळ्यात शेवटी. मी हीच चूक केलीये, चकाचक रंगवलेल्या फ्रेममध्ये इंजिन बसवताना पहिला ओरखडा, मग कार्ब (कार्ब्युरेटर) गळून पेट्रोल रंगावर, मग वायरिंगसाठी परत सगळं उघडा. आधी गाडी आहे तशी कुरूपच सुरू करा, ब्रेक लागू देत, थोडे किलोमीटर चालवा, काय काय रडतंय ते कळेल, मग खोला.

आणि सुरू करायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायमिंग बेल्ट. या इंजिनात चेन नाही, पुढच्या कव्हरखाली दोन रबरी बेल्ट आहेत, डाव्या हेडला एक आणि उजव्याला एक. बेल्ट तुटला किंवा दात सुटून घसरला की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि मग रिस्टोरेशन राहतं बाजूला. किलोमीटर कमी झालेत म्हणून बेल्ट चांगला असं समजू नका, रबर वयाने मरतं. शेवटचे कधी बदलले माहितीये का? नसेल तर सेल्फचं बटण दाबूच नका, आधी बदला. बदलताना खुणा जुळवून घ्या, बेल्ट निघाला की व्हॉल्व स्प्रिंगच्या ताणाने कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) झटकन फिरू शकतो, घाबरू नका, पण बेल्ट नसताना क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) फिरवू नका. नवीन बसले की हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे मारा आणि खुणा परत बघा. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, चूक शोधायची.

कव्हरचे स्क्रू खोलताना एक गोष्ट, ते दिसायला फिलिप्ससारखे असले तरी जेआयएस म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे आहेत. साधा फिलिप्स टोक वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खातो. जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर घ्या, पाना_१७ नाव असून स्क्रूने हरलात तर वाईट दिसेल :)

पाना_१७
भाऊ नाही हो, ताई :) आणि स्क्रूचं दोन दिवस आधी सांगायला हवं होतं, दोन खाल्ले ऑलरेडी.
बेल्टचं काहीच माहीत नाही, काका आता नाहीत, विचारायला कोणी नाही.

गंजखाऊ
माफ करा ताई. मग बेल्ट जुनेच धरा. खाल्लेल्या स्क्रूच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे दोन टोले द्या, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर, बहुतेक निघतील.

कॅफेवाला
फेअरिंग फेका, डबे फेका, मागची फ्रेम शेवटच्या वळणाच्या (लूपच्या) पुढे कापा, सपाट सीट, खाली हँडल. फ्लॅट फोर (दोन्ही बाजूंना आडवे दोन दोन सिलिंडर) इंजिन उघडं दिसलं पाहिजे राव, तोच तर दागिना आहे. चार कार्बच्या भानगडीत पण पडू नका, लोक कारचा एकच कार्ब लावतात आणि सुटतात.

शांत_आयडल
कॅफेवाला, इंजिन दागिना आहे हे मान्य, पण कापायचं म्हणता ते कुठे? या गाडीची पेट्रोलची टाकी सीटखाली आहे. पुढे टाकीसारखं दिसतं ते नुसतं कवच आहे, वरचं आणि बाजूची झाकणं पंखांसारखी उघडतात आणि आत इलेक्ट्रिकचं सामान, कूलंटची बाटली, आणि १९७६ च्या गाडीत सुटी किक ठेवायची जागा. वजन खाली राहावं म्हणून होंडाने मुद्दाम तसं केलं. सीट बारीक करायची म्हटली तर खाली टाकी, मागची फ्रेम कापायची म्हटली तर परत टाकी, मग टाकी वर आणायची, म्हणजे कवचातलं सगळं सामान दुसरीकडे न्यायचं, पंपाच्या पाईपची वाट बदलायची. जमतं, केलंय लोकांनी, पण ते वेल्डिंगवाल्याचं काम आहे, एका सुट्टीचं नाही. आणि ताईंना तर लांब फिरायचंय. सपाट फळकुटावर बसून दोन तासांनी आपणच आपल्याला शिव्या घालतो.

एका कार्बबद्दल. केहिन कंपनीचे ३२ मिमीचे चार सीव्ही कार्ब (इंजिनच्या ओढीने स्लाइड वर उचलला जातो असे) आहेत, त्यांना इंजिनकडे जाणारे चार वेगळे पाईप. एकच कार्ब मध्ये ठेवला की मिश्रणाला लांब थंड पाईपातून चार दिशांना जावं लागतं, सकाळी गाडी कुरकुरते. चारी स्वच्छ झाले आणि व्हॅक्यूम गेजवर जुळले की हे इंजिन इतकं गुळगुळीत चालतं की टाकीच्या कवचावर नाणं उभं करायची पैज लागते. खोलताना प्रत्येक कार्बचा स्लाइड आणि त्याचं टोपण वेगळ्या डब्यात ठेवा, ती जोडी एकमेकांच्या मापाची आहे, अदलाबदल केली तर स्लाइड अडकतो. जेट (पेट्रोलची बारीक पितळी भोकं) स्टीलच्या तारेने टोचू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गेलं. रबरी ओ रिंग सगळ्या नव्या, एक जुनी ठेवली तर तीच गळणार.

फेअरिंगचं पाप वगैरे काही नाही. १९७५ ला ही गाडी आली तेव्हा उघडीच होती, फेअरिंग नाही, डबे नाहीत. सगळं नंतर मालकांनी क्रेग व्हेटरसारख्यांकडून (विंडजॅमर त्याचीच) घेऊन लावलं, कंपनीची स्वतःची पूर्ण फेअरिंगवाली इंटरस्टेट आली १९८० ला, ती पण पुढच्या जीएल११०० वर. म्हणजे काढलीत तर उलट मूळ रूपात आणताय. फक्त फेकू नका, ब्रॅकेट आणि बोल्टसकट बांधून ठेवा. माझा एकच नियम आहे, जे परत जोडता येतं ते बिनधास्त बदला, कापून बदलायचं असेल तर एक वर्ष थांबा.

गंजखाऊ
नाणं नाही उभं राहत हो माझ्या गाडीवर, पण बाकी सगळं पटलं. टाकीबद्दल लिहायचं राहिलं. मागचं चाक आणि मडगार्ड खोलल्याशिवाय ती नीट निघत नाही, त्यामुळे एकदाच काढा आणि एकदाच नीट करा. वार्निश सॉल्व्हंटने विरघळवा, मग गंज. मी इलेक्ट्रोलिसिसने करतो, पाण्यात वॉशिंग सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत लोंबकळत्या साध्या लोखंडी सळईला, सळई टाकीला टेकता कामा नये. स्टेनलेसची सळई अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम निघतं. हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावर करा आणि जवळ ठिणगी नको, पेट्रोलची वाफ पूर्ण गेलेली असल्याशिवाय तर सुरूच नका करू. झाल्यावर लगेच वाळवून आतून तेल फिरवा, नाहीतर तासाभरात परत तांबडी होते.

आणि ऑइल भरायचं टोपण काढून हुंगून बघा. कार्बचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) अडकला असेल तर पेट्रोल खाली सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जातं. वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका. नवीन ऑइल जासो एमए (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक) वालं, क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं घातलं तर घसरेल.

तीन_पिवळ्या_वायरी
सगळे इंजिनबद्दल बोलतायत, मी नावाप्रमाणे बोलतो. स्टेटरमधून (इंजिनवर वीज बनवणारी गुंडाळी) तीन पिवळ्या वायरी येतात आणि एका प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये जातात. तो कनेक्टर आत्ता जाऊन बघा, तपकिरी झाला असेल, बहुतेकांचा होतो. जुना सांधा, थोडा गंज, गरम होतो, अजून गंजतो, अजून गरम, शेवटी वितळतो आणि स्टेटर घेऊन जातो. आणि स्टेटर आहे कुठे तर इंजिनच्या पाठीमागे, बदलायचा तर अख्खं इंजिन फ्रेममधून खाली. कनेक्टर कापून तीन वायरी सरळ सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब, अर्ध्या तासाचं काम.

तपासणी सोपी आहे. मीटरने तिन्ही पिवळ्यांमध्ये दोन दोन करून बघा, तिन्ही रीडिंग सारखी यायला हवीत आणि कुठलीही पिवळी बॉडीला लागता कामा नये. एक जरी लागली तर स्टेटर गेला, आणि मग इंजिन उतरवायचंच आहे तर रंगाची वेळ तीच. सगळं मिळून सुमारे ३०० वॅट बनतात त्यात, म्हणून जादा दिवे, गरम ग्रिप्स, फोन चार्जर असं सगळं एकदम लावून शहरात हळू चालवलं तर बॅटरी उतरते. हेडलाइट एलईडी केला तर थोडी जागा होते.

फेअरिंग काढताय तर तिच्या मागच्या वायरी पण नीट बघा, जुन्या मालकांनी चिमटा मारून फाटे काढलेले असतात, तिथून अर्धी दुखणी सुरू होतात.

शांत_आयडल
ट्रंकबद्दल एक. मागच्या आसाच्या मागे आणि उंचावर वजन असलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात गाडी डोलायला लागते, लोक फेअरिंगला दोष देतात. स्विंगआर्मचं बेअरिंग आणि स्टेअरिंगचं बेअरिंग आधी बघा, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध खाच लागली तर बदला. जड सामान बाजूच्या डब्यात, खाली, ट्रंकमध्ये फक्त रेनकोट. टायर जुने असतील तर चालवूच नका, वर नक्षी शिल्लक असली तरी. बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तीनच आकडे असले तर २००० च्या आधीचा टायर. मागचं चाक काढलंच आहे तर शाफ्टच्या स्प्लाइनला (चाकाला जोडणारे दाते) मॉली (मॉलिब्डेनमची) पेस्ट लावा, साधं ग्रीस नाही. कोरडे स्प्लाइन झिजले की शाफ्ट ड्राइव्हची सगळी मजा गेली.

पाना_१७
सात आठवड्यांनी परत आलेय, रंगवाल्याला नाही म्हणून सांगितलं तेव्हा तो थोडा रुसला.

फेअरिंग काढली. तिच्या डाव्या खिशात, रबरी मॅटखाली काकांच्या अक्षरात एक घडी घातलेला कागद निघाला, पाठपोट भरलेला, तारीख, किलोमीटर आणि काय केलं. बेल्ट: १९९१. म्हणजे गंजखाऊ तुमचं ऐकलं ते बरं झालं. जुने बेल्ट उलटे वाकवले तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा, एक दात नखाने निघाला. तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून कवचाच्या आत ठेवलाय, किकच्या शेजारी, आणि खाली माझी पहिली ओळ लिहिलीये.

ऑइलला पेट्रोलचा वास होताच. कनेक्टर तपकिरी नाही, काळा होता, पण तिन्ही रीडिंग सारखी आली आणि बॉडीला काही लागत नाही. सोल्डर केलं. ब्रेकचं म्हणाल तर कॅलिपरचे पिस्टन गंजून अडकले होते, पिस्टन आणि सील नवे, होज पण नवे, जुन्या होज आतून फुगल्या होत्या म्हणूनच ब्रेक सुटत नव्हते बहुतेक. टाकी अजून सोड्याच्या पाण्यात आहे, म्हणून बाटलीतून पेट्रोल देऊन सुरू केली. चौथ्या प्रयत्नाला लागली, आधी सिलिंडरमधल्या ऑइलचा इतका धूर की शेजारी बघायला आले. ३००० आरपीएमला बॅटरीवर १४.१ व्होल्ट. मी अर्धा तास नुसती बसून ऐकत होते.

सीट कापत नाहीये. जुन्याच पत्र्यावर फोम बदलून घेतेय, पुढे थोडा अरुंद म्हणजे पाय नीट टेकतील. बाजूचे डबे ठेवतेय, ट्रंक नाही.

आता नवीन रड. एक्झॉस्टच्या चारपैकी डावीकडचा एक पाईप थंड राहतो. पाण्याचा थेंब टाकला तर तिघांवर चर्र होतं, याच्यावर नुसता ओघळतो. ठिणगीची कॉइल मागवू का?

तीन_पिवळ्या_वायरी
अभिनंदन! कॉइल नका मागवू. एका कॉइलवर दोन सिलिंडर चालतात, कॉइल गेली असती तर दोन पाईप थंड झाले असते. प्लग बदलून बघा, मग प्लगची कॅप शेजारच्या सिलिंडरशी बदला, वायरीवर नुसती फिरवून निघते ती. थंडी सरकली तर कॅप, नाही सरकली तर त्या कार्बचा आयडलचा मार्ग बंद आहे, परत खोला.

पाना_१७
सरकली! कॅप उघडली तर आत हिरवं भुसकट, धातू नावाला उरलाय. चारही नव्या मागवतेय. कार्ब परत खोलावे लागले नाहीत याचा आनंद तुम्हालाच कळेल.