शब्दचर्चा : ताण, तणाव, दडपण, घोर आणि ‘टेन्शन’

प्रश्न

कोल्हापुरातील आमच्या महिला बचत गटासाठी रोजच्या जगण्यातला ताण ओळखण्याविषयी मी चार पानांची पुस्तिका लिहीत आहे. ‘स्ट्रेस’साठी मी एका ठिकाणी ‘ताण’, दुसरीकडे ‘तणाव’, तर तिसरीकडे ‘दडपण’ लिहून गेले आणि पुन्हा वाचताना ते मलाच खटकले. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? गटातल्या बहुतेक जणी तर सरसकट ‘टेन्शन’च म्हणतात, मग तोच शब्द ठेवावा का?

उत्तर

माझ्या मते चालत नाहीत, आणि पुस्तिकेचा विषयच ‘ओळखणे’ हा असल्यामुळे ही निवड महत्त्वाची आहे.

‘ताण’ हा भाराचा शब्द आहे. तो कशावर तरी पडतो, डोळ्यांवर, पाठीवर, घरखर्चावर किंवा मनावर, आणि तो कमी-जास्त होतो. ‘तणाव’ ही बहुधा दोन बाजूंमधली स्थिती असते. दोन भावांत वाटणीवरून तणाव असतो, सीमेवर तणाव असतो. वृत्तपत्रांमुळे ‘मानसिक तणाव’ रुळला आहे हे खरे, तरी एकट्या माणसाविषयी लिहिताना मी ‘ताण’च लिहीन. ‘दडपण’ वरून येते आणि ते टाकणारे कोणीतरी असते, मग ते साहेब असोत, परीक्षा असो किंवा ‘लोक काय म्हणतील’ हा विचार असो. ‘धास्ती’ पुढचे पाहते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की नदीकाठच्या घरांत सामान माळ्यावर चढवताना मनात जे असते ती धास्ती, आणि पाणी ओसरले की तीही ओसरते. ‘घोर’ मात्र ओसरत नाही, तो जिवाला लागून राहतो, कर्जाचा किंवा आजारी माणसाचा.

वैद्यकातील अर्थ यापेक्षा थोडा वेगळा आहे. ताणावर संशोधन करणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून असे मांडले, की इजेची कारणे निरनिराळी असली तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखा असतो. त्यामुळे छातीत धडधडणे, मान-खांदे आखडणे, पोट बिघडणे, झोप मोडणे, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होणे या सर्वांना मिळून ‘ताणाची लक्षणे’ म्हणावे आणि त्यामागचे कारण सांगताना दडपण, धास्ती, घोर यांपैकी नेमका शब्द वापरावा.

‘टेन्शन’ला माझा आक्षेप तो परका आहे म्हणून नाही, त्याच्या क्रियापदामुळे आहे. ताण येतो किंवा पडतो, दडपण येते, घोर लागतो. टेन्शन मात्र माणूस ‘घेतो’, म्हणजे जणू दोष त्याचाच. माझ्या आत्याला गेल्या वर्षी रात्री दोनलाच जाग येत असे. ती उठून अंथरुणावर बसून राही आणि विचारले की एवढेच म्हणे, “छातीत भरून आल्यागत हुतंय बघ.” ज्यांना दाखवले त्या डॉक्टरांनी तपासून “टेन्शन घेऊ नका” असे सांगितले. घरी आल्यावर ती म्हणाली, “मी कुठं घेतलंय? लागलाय घोर जिवाला.” तिच्या मुलाच्या हप्त्यांविषयी आम्ही त्यानंतर प्रथमच तिच्याशी बोललो.

पुरवणी (आणखी एकाकडून)

इचलकरंजीला आमच्या घरी माग होते, म्हणून एक भर घालतो. कापडातल्या उभ्या सुताला ‘ताणा’ आणि आडव्याला ‘बाणा’ म्हणतात. ताणा आणि ताण हे एकाच कुळातले शब्द असून दोघांच्या मुळाशी संस्कृतातला ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे हा धातू आहे. ताणा सैल राहिला तर सूत गुंतते आणि फार ओढला तर तुटते, म्हणून वडील माग चालू असतानाही मधूनमधून त्यावर तळहात फिरवून पाहत असत. पुस्तिकेत कृपया ‘ताण नाहीसा करा’ असे लिहू नये. परीक्षेच्या आदल्या दिवशी थोडा ताण असल्याशिवाय अभ्यासही होत नाही. ‘ताण हलका करा’, ‘सैल करा’ हेच योग्य. दडपण झुगारता येते, घोर मात्र कोणाजवळ तरी बोलून दाखवल्यावाचून हलका होत नाही.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. ‘तुम्ही टेन्शन घेता का?’ हे शीर्षक काढून ‘तुमच्या जिवाला कशाचा घोर लागला आहे?’ असे केले आहे. लक्षणांच्या पानावर ‘ताण’ हा एकच शब्द ठेवला आहे आणि उपायांमध्ये ठरलेल्या वेळी झोपणे, सकाळी रंकाळ्यावर फेरी, श्वास सावकाश सोडणे व विश्वासातल्या बाईजवळ बोलणे इतकेच लिहिले आहे. झोप अनेक दिवस मोडत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापत आहे.