मदत हवी आहे: विचर ४ ची विचर ३ शी तुलना नेमकी कशावरून करायची?

नमस्कार मंडळी,

विचर ही पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या शिकाऱ्यांवरची व्हिडिओ गेम मालिका. तिच्या येऊ घातलेल्या विचर ४ चा विषय निघाला की चर्चा ग्राफिक्सवर येऊन थांबते, आणि मला जे जाणून घ्यायचंय ते बाजूलाच राहतं. विचर ३ मनापासून खेळलेल्या आणि नव्या भागाच्या बातम्या नियमित वाचणाऱ्या जाणकारांची मदत हवी आहे.

माझ्या मावसभावाने या मालिकेतलं अजून काहीच खेळलेलं नाही. त्याचं म्हणणं असं की ३ हा २०१५ चा गेम, आता थेट ४ च खेळावा. मला वाटतं तो एका फार चांगल्या गोष्टीला मुकेल. पण "भारी आहे, खेळ" एवढ्यावर तो ऐकणाऱ्यातला नाही, त्याला कारणं लागतात. ती शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की ४ बद्दल आत्तापर्यंत जे दाखवलंय, त्यातलं बरंचसं तंत्रज्ञान आहे. हे गेम बनवणारी सीडी प्रोजेक्ट रेड कंपनी स्वतःचं रेडइंजिन (गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर) सोडून अनरियल इंजिन ५ वर गेली. जून २०२५ मध्ये कोव्हिर प्रदेशातल्या व्हालड्रेस्ट गावाचा डेमो दाखवला, बाजारात ३०० माणसांची गर्दी, साध्या प्लेस्टेशन ५ वर सेकंदाला ६० फ्रेम. डोळे दिपतात हे खरंच. पण तो टेक डेमो होता, प्रत्यक्ष गेमप्ले नव्हे, हे कंपनीनेच स्पष्ट केलंय. आणि ३ च्या वेळीही २०१३-१४ मधली दृश्यं आणि हातात आलेला गेम यांत फरक होताच. याच कंपनीच्या सायबरपंक २०७७ चं २०२० मध्ये काय झालं ते तर सगळ्यांना आठवत असेल. तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढावा लागला होता.

बरं, ३ मोठा ठरला तो ग्राफिक्समुळे नाहीच. नकाशामुळेही नाही. स्केलिगे बेटांच्या समुद्रातली, नकाशावरची ती प्रश्नचिन्हं आठवा! होडी हाका, पाण्यातली पिंपं धुंडाळा, पुढच्या चिन्हाकडे जा. मी ती कुणालाही शिफारस करणार नाही. लढाईसुद्धा ठीकठाकच.

३ मोठा ठरला तो व्हेलन प्रदेशातल्या गोष्टीमुळे. ब्लडी बॅरन या तिथल्या सरदाराकडे गेमचा नायक गेराल्ट येतो तो मानसकन्या सिरीचा माग काढत, आणि अडकतो एका मोडलेल्या घरात. बायको-मुलगी निघून गेलेल्या. का गेल्या, तर हा दारू पिऊन हात उचलायचा म्हणून. मग कळतं की त्याचं मृत जन्मलेलं मूल अंत्यसंस्काराविना पुरलं गेलं आणि त्याचा बॉचलिंग, म्हणजे अर्भकाच्या रूपातला राक्षस, झाला. तुम्ही त्याला मारू शकता. किंवा बॅरनला ते विद्रूप अर्भक दोन्ही हातांवर घेऊन भर पावसात घराच्या उंबऱ्यापर्यंत चालायला लावू शकता, आणि तिथे तो त्याला नाव देतो, आपली मुलगी म्हणून स्वीकारतो. या माणसाचा राग करायचा की कीव, हे गेम तुम्हाला सांगत नाही. पुढे टेकडीखालच्या झाडातल्या आत्म्याला सोडवलंत तर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात, पण बॅरनची बायको अॅना मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारलंत तर अॅना जगते, पण तिचं मन ताळ्यावर राहत नाही, आणि मुलांचा पत्ता लागत नाही. निवड करताना यातलं काहीच माहीत नसतं.

तर माझे प्रश्न:

४ मधलं लेखन या तोडीचं असेल असं मानायला आजघडीला काही ठोस आधार आहे का? माझी खरी धास्ती हीच आहे. ३ चे दिग्दर्शक कोनराड तोमाश्कीएविच २०२१ मध्ये बाहेर पडले, त्यांचा स्वतःचा रिबेल वुल्व्ह्ज स्टुडिओ आहे. बॅरनची क्वेस्ट (खेळातली मोहीम) रचणारे पावेल सास्को आता सायबरपंकच्या पुढच्या भागावर आहेत. मग ४ वर उरलं कोण?

आणि दुसरं, भावाकडे वेळ कमी आहे. मुख्य कथेलाच ५० तास लागतात. ४ कळण्यापुरतं ३ मधलं किमान काय खेळायला सांगू?

आगाऊ धन्यवाद.
– सारिपाट

उत्तररात्र:
सारिपाट, "उरलं कोण" याचं उत्तर आधी देतो. दिग्दर्शक सेबॅस्टियन कालेंबा आहेत, ते ३ च्या वेळी अॅनिमेशनच्या टीममध्ये होते. पण तुम्हाला हवं ते नाव फिलिप वेबर. ३ चे क्वेस्ट डिझायनर, ४ चे नॅरेटिव्ह डायरेक्टर. म्हणजे ज्या खोलीत ३ च्या क्वेस्ट लिहिल्या गेल्या तिथलाच माणूस कथेची सूत्रं सांभाळतोय.

आणि डिसेंबर २०२४ चा ट्रेलर परत बघा, राक्षसाकडे लक्ष न देता. गाव मिओनी नावाच्या मुलीला नटवून देव मानलेल्या बाऊक राक्षसाकडे बळी म्हणून पाठवतं. सिरी तिला परत पाठवते, बाऊकला मारते, गावात येते, तर गावकऱ्यांनीच त्या पोरीला मारलेलं असतं, देवाचा कोप नको म्हणून. सिरी तशीच निघते. हा ट्रेलर म्हणजे ३ मधलं एक अख्खं विचर काँट्रॅक्ट (पैसे घेऊन राक्षस मारायचं काम) आहे. राक्षस मेला तरी काम फत्ते झालं नाही. नव्या भागाची पहिली ओळख करून देताना त्यांनी लढाया, शहरं सोडून हीच गोष्ट निवडली. माझ्या लेखी आधार म्हणून हे पुष्कळ आहे.

काळा_बोका:
उत्तररात्र यांच्याशी सहमत, पण ट्रेलर एकाच वाटेने जातो. बॅरनची ताकद परिणाम उलटू शकण्यात होती. तो भाग खेळ हातात आल्यावरच कळेल, त्यामुळे ताई, भावाला त्याबद्दल शब्द देऊ नका.

एक मुद्दा राहिला, ४ ची नायिका सिरी. ३ मध्ये तिच्या वाट्याला छोटे छोटे तुकडे येतात. ती क्षणात इथून तिथे जाते, औषधं पीत नाही, गेराल्टची साइन्स, म्हणजे हाताच्या खुणांनी करायची छोटी जादू, वापरत नाही. ४ च्या ट्रेलरमध्ये डोळे मांजरासारखे, हातात साखळी, आणि ती विचरचं औषध पिते. म्हणजे ट्रायल ऑफ द ग्रासेस, माणसाचा विचर बनवणारी परीक्षा, झालेली दिसते, आणि ती तर मुलग्यांवरच करत. हे का आणि कुणी केलं, यावर कथा तोलली जाईल असं मला वाटतं. ३ न खेळलेल्याला हा धक्का धक्काच वाटणार नाही. भावाला हे कारण सांगा.

आता किमान काय. सुरुवातीचं व्हाइट ऑर्चर्ड गाव, मग व्हेलनमध्ये बॅरनची गोष्ट शेवटापर्यंत. नोव्हिग्राड शहरात आणि स्केलिगेत फक्त मुख्य कथा, प्रश्नचिन्हं सोडून द्यायची. केअर मोरहेन या विचरांच्या किल्ल्यावरच्या लढाईनंतर मात्र घाई नको. तिथून सिरीशी कसं वागतो त्यावर शेवट ठरतो: ती खचलेली असते तेव्हा तिच्याशी बर्फाचे गोळे खेळणं, लॉज या जादूगारणींच्या गटापुढे तिला एकटं जाऊ देणं, तिला मदत केलेल्या स्क्यालच्या कबरीवर तिच्यासोबत जाणं. तिला सम्राट एमहिरकडे न नेता हे सगळं केलं तर ती विचर होते, आणि ४ शी जुळणारा शेवट तोच.

सारिपाट:
दोघांचे मनापासून आभार. ट्रेलर मी बाऊकसाठीच बघत होते, शेवटाकडे लक्षच गेलं नव्हतं. सिरीचं कारण भावाला आजच सांगते. हार्ट्स ऑफ स्टोन आणि ब्लड अँड वाइन ही ३ ची एक्स्पान्शन्स (जोडकथा) मात्र मला त्याला चुकवू द्यायची नाहीत. त्यासाठी आधी मुख्य कथा संपवायलाच हवी का?

काळा_बोका:
नाही. नवीन गेम सुरू करताना फक्त ते एक्स्पान्शन निवडायचा पर्याय असतो. योग्य लेव्हलचं, हत्यारांसकट तयार पात्र मिळतं. तरी आधी व्हेलन होऊ द्या. गेराल्टची ओळख झाल्याशिवाय हार्ट्स ऑफ स्टोनमधलं लग्न अर्धंच कळतं. त्याने डिसेंबर २०२२ चं मोफत अपडेट घातलंय ना, तेवढं बघा, जुनाट दिसण्याची तक्रार बरीच कमी होईल. वेळही आहे, ४ हा २०२६ संपेपर्यंत येणार नाही असं कंपनीने सांगितलेलं आहे.