मायक्रोवेव्हलाही रक्त थंड करतंच
यकृतातली कर्करोगाची गाठ आत सुई घालून उष्णतेने जाळतात; त्यासाठी रेडिओफ्रीक्वेन्सी (विद्युतप्रवाह) किंवा मायक्रोवेव्ह लहरी वापरतात. 'रेडिओफ्रीक्वेन्सीत रक्तवाहिनी उष्णता पळवते, मायक्रोवेव्हमध्ये तो प्रश्नच नाही' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. प्रश्न कमी होतो, संपत नाही.

रेडिओफ्रीक्वेन्सीत सुईभोवतीचं यकृत १०० अंशांजवळ सुकून करपलं की विद्युतरोध वाढतो आणि तापणं थबकतं. मायक्रोवेव्ह (९१५ मेगाहर्ट्झ किंवा २.४५ गिगाहर्ट्झ) करपलेल्या भागातूनही पुढे जातात. पण ही ताकद अँटेनाजवळची, म्हणजे लहरी सोडणाऱ्या सुईजवळची. कडेला उष्णता मुख्यतः वहनाने पोचते आणि तिथे राज्य रक्ताचं. ६० अंशांना पेशी जवळपास लगेच मरतात, ५० च्या आसपास काही मिनिटं लागतात. साधारण ३ मिमीपेक्षा मोठी शीर गाठीला चिकटलेली असेल, तर ३७ अंशांचं ताजं रक्त ती कड सतत धूत राहतं. नंतरच्या कॉन्ट्रास्ट सीटीत (रक्तात रंगद्रव्य सोडून केलेल्या स्कॅनमध्ये) जळालेला गोल त्या बाजूला कुणी चावा घेतल्यासारखा दिसतो. गाठ परत उगवते ती बहुधा तिथूनच.

किती वॅट, किती मिनिटं दिली की केवढा भाग जळतो, हे सांगणारे उत्पादकांचे तक्ते जपूनच वाचा. त्यांतले बरेच कापून आणलेल्या गुरांच्या यकृतावरचे असतात. त्यात रक्त वाहतच नाही, त्यामुळे जिवंत यकृतात तेवढा व्यास मिळेलच असं नाही. अँटेना गाठीच्या मधोमध न घालता शिरेच्या बाजूला सरकवून, शक्यतो शिरेला समांतर ठेवणं बरं. चारी बाजूंनी किमान ५ मिमी, जमल्यास १० मिमी निरोगी कड जळायला हवी.

शस्त्रक्रियेत यकृताचा रक्तपुरवठा तात्पुरता दाबून धरला तर जळालेला भाग वाढतो खरा, पण पोर्टल शिरेत (आतड्यांकडून यकृताला रक्त आणणाऱ्या शिरेत) गुठळी होण्याचा आणि पित्तनलिका भाजण्याचा धोकाही वाढतो. यकृताच्या दाराशी, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जिथे आत-बाहेर करतात तिथे, तर रक्त दाबून धरण्याचा मोह नकोच.