भुरी पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते, गणपतीपर्यंत काय काय शिकवता येईल?

मंजिरी_कोथरूड
नमस्कार मंडळी, आमच्याकडे भुरी आहे, गावठी, पाच महिन्यांची असेल, मागच्या प्लॉटवर जन्मलेली, लेकीने पावसात भिजताना उचलून आणली आणि मग राहिलीच. शी-शू बाहेरच करते, त्याचा काही ताप नाही. ताप असा की बेल वाजली की जी सुटते ती डायरेक्ट येणाऱ्याच्या छातीवर, परवा कुरिअरवाला पार्सल पायरीवर टाकून पळाला. आणि हात, ओढणी, पदर, जे हलेल ते तोंडात. चावायचं म्हणून चावत नाही पण दात लागतात ना.

गणपती दीड दिवसाचा असतो आमच्याकडे पण माणसांची रीघ असते, त्यात झांजा, टाळ, लहान पोरं. एक ट्रेनर बोलावला होता, त्याने आल्या आल्या तिला उताणी पाडून मानेला धरून दाबून ठेवली, म्हणे घरात बॉस कोण ते कळलं पाहिजे, आणि टोचणारी साखळी घ्यायला लावली. तो गेल्यावर भुरी पलंगाखालून बाहेरच येईना. परत नाही बोलावला. सासूबाईंचं वेगळंच, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, दारच्या कुत्र्याला घास दिल्याशिवाय मी जेवू कशी, असं म्हणून ताटातली पोळी रोज तिच्या तोंडात. आणि लेकीला वाटतं की आरतीच्या वेळी भुरीने दोन पायांवर उभं राहून नमस्कार करावा. एवढं सगळं होईल का? कुठून सुरू करू?

नाना_सातारकर
होईल की. वर्तमानपत्राची गुंडाळी करायची आणि उडी मारली की नाकावर एक हलकीशी. आमच्याकडे वाड्यावर अशीच तयार केली सगळी कुत्री, कुणाची टाप नव्हती ओट्यावर पाय ठेवायची. आजकाल कुत्र्यांचे वाढदिवस करतात आणि मग फोरमवर विचारतात.

अमेय_पिंचिं
नाना, वाड्यावरचं कुत्रं अंगणात असायचं, त्याला बेल नव्हती, लिफ्ट नव्हती आणि दिवाणखान्यात पाहुण्यांसोबत बसायचंही नव्हतं. तुलनाच होत नाही.

मंजिरीताई, आधी त्या ट्रेनरचं. हे बॉस-बिस प्रकरण आलं कुठून तर १९४७ साली शेंकेल नावाच्या माणसाने पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांचे कुणी नसलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला, ते साहजिकच भांडत होते. त्यावरून अल्फा, म्हणजे कळपाचा बॉस, हा शब्द सगळीकडे गेला. डेव्हिड मेक या ज्या लांडग्यांच्या अभ्यासकामुळे तो लोकांपर्यंत पोचला त्यानेच पुढे १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे कुणी कुणाला पाडून राजा होत नाही. आणि भुरी लांडगा पण नाहीये. ती साखळी भंगारात घाला.

आता उडी. भुरी उडी का मारते, तर तिला तुमचं तोंड हवंय आणि उडी मारली की ते मिळतं. तुम्ही "ए भुरी, नको, खाली, अगं खाली" म्हणता, दोन्ही हातांनी ढकलता, तिच्या हिशेबात हा खेळ चालू झाला. त्यामुळे "उडी मारू नको" हे शिकवायच्या फंदात पडूच नका, बेल वाजली की करायचं काय ते शिकवा. माझा सल्ला, एक गोणपाट किंवा जुनी सतरंजी, दारापासून थोडी लांब पण दार दिसेल अशी, ती तिची जागा.

पहिले काही दिवस दाराचा विषयच नाही. सतरंजी टाकायची, तिने नुसता पाय ठेवला तरी "येस" म्हणायचं आणि तुकडा सतरंजीवरच टाकायचा, हातात द्यायचा नाही, म्हणजे चांगलं जे काय होतं ते इथे होतं हे डोक्यात बसतं. येस आणि तुकडा यात वेळ जाऊ द्यायचा नाही, डबा शोधत बसलात तर तोवर ती पंखा बघत असते आणि बक्षीस पंखा बघण्याचं होतं. खिशात आधीच ठेवा. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, उकडलेलं चिकन, व्हेज घर असेल तर पनीर. जेवणाच्या आधी करा, पोट भरल्यावर कोण काम करतं. दोन-तीन मिनिटं बास, गावठी कुत्री हुशार असतात पण तेच तेच केलं की सरळ उठून जातात.

मग खाली बसणं. तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा, नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली टेकतं, टेकलं की येस. कमरेवर दाबून बसवू नका. थोड्या वेळा झालं की तुकडा दुसऱ्या हातात, रिकाम्या हाताने तीच खूण. आणि घरात एकच शब्द, तुम्ही "सिट", सासूबाई "बस", लेक "बेबी सिट डाऊन ना" असं चालणार नाही, फ्रीजवर लिहून लावा.

सतरंजी पक्की झाली की मग बेल. आपल्याच दाराची बेल मोबाईलवर रेकॉर्ड करा, बारीक आवाजात लावा, सतरंजीकडे बोट, गेली की तुकडा. आवाज वाढवत न्या. मग घरातलंच कुणीतरी बाहेर जाऊन खरी बेल दाबेल. मग शेजारी. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची, जास्त वेळ थांबवायचं असेल तर लांब जाऊ नका, लांब जायचं असेल तर दोन सेकंदात तुकडा द्या. लोक इथेच घाई करतात आणि मग कुत्रं ढ आहे म्हणतात.

मध्ये एकदा उड्या अचानक वाढतील. नेहमीचं बक्षीस मिळेना म्हणून ती जास्त जोर लावून बघते, त्या वेळी कुणी हरलं आणि लाड केले की संपलं, तिला कळतं की थोडं ताणलं की मिळतं.

खरा प्रॉब्लेम भुरी नाहीचे, खरा प्रॉब्लेम म्हणजे "अहो असू द्या हो, मला चालतं, मला कुत्री खूप आवडतात" म्हणणारे काका. प्रत्येक घराला एक असतात. त्यांना दारातच सांगायचं की चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लावायचा, तोवर तिच्याकडे बघायचंही नाही.

हॅनोव्हरकर
अमेय +१. इथे जर्मनीत आमच्या राज्यात, लोअर सॅक्सनीत, २०१३ पासून नवीन कुत्रं घेणाऱ्या माणसाचीच परीक्षा असते. लेखी परीक्षा कुत्रं आणायच्या आधी आणि प्रॅक्टिकल पहिल्या वर्षात. आधी कुत्रं पाळल्याचा अनुभव दाखवता आला तर सुटका. मी दिली, लायसन्सच्या परीक्षेपेक्षा जास्त अभ्यास केला. प्रॅक्टिकलला बाजारात हिंडवतात, सायकलवाला जवळून जातो, समोरून दुसरं कुत्रं येतं आणि बघतात ते तुम्हाला, म्हणजे दोरी ताणून धरलीय का, कुत्रं घाबरलेलं तुमच्या लक्षात येतं का. टोचणारे पट्टे तर २०२२ पासून ट्रेनिंगला वापरायला इथे बंदीच आहे.

दोरी ओढत असेल तर एवढंच करा, दोरी ताणली की झाडासारखं थांबायचं, सैल झाली की चालायचं. सोसायटीला एक फेरी मारायला अर्धा तास लागेल सुरुवातीला. लागू द्या.

शुभदा_ठाणे
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून दोन-चार गोष्टी, बाकी अमेयने लिहिलंय ते बरोबर आहे.

पाच महिने म्हणजे दात पडायचं वय. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे दात जाऊन पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे पदर दिसला की तोंड जाणारच. गाजर फ्रीझरमध्ये ठेवून द्या, किंवा जुना पंचा भिजवून पीळ देऊन गोठवा आणि तो द्या, समोर बसून चघळू द्या. दात लागला की ओरडायचं नाही, हात काढून घ्यायचा आणि उठून जायचं, खेळ बंद. थोड्या वेळाने परत. हात झटकू मात्र नका, झटकलेला हात म्हणजे पळणारा उंदीर.

सासूबाईंच्या घासाचं जरा सिरियसली घ्या. साधी पोळी ठीक आहे हो, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, त्यामुळे भाजी-आमटी लागलेली पोळी नको. आणि गणपतीत सगळ्यात मोठी भीती खिरापतीची आणि प्रसादाच्या शिऱ्याची, कारण त्यात बेदाणे. द्राक्षं, मनुके, बेदाणे याने किडनी जाऊ शकते आणि किती खाल्ल्यावर जाते याचा नेम नाही, एखाद्याला थोडेसेही पुरतात. खाल्लेच तर "बघू उद्या" करू नका, लगेच डॉक्टरला फोन. चॉकलेट मोदकांचं ताट पण उंचावर. सासूबाईंना देवाचं म्हणून घास द्यायचाच असेल तर त्यांच्याच हाताने द्या की, कोरड्या पोळीचे तुकडे डब्यात भरून ठेवा आणि त्यांनी सतरंजीवर बसलेल्या भुरीलाच द्यायचे. त्यांचाही नेम मोडणार नाही आणि तुमचं ट्रेनिंगही होईल.

झांजांचं. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत, म्हणजे झांजेतलं जे आपल्याला ऐकूच येत नाही ते तिला येतं. आरतीचं रेकॉर्डिंग आजपासून तिच्या जेवणाच्या वेळी अगदी बारीक लावा. कान मागे, शेपटी आत, सारख्या जांभया, ओठ चाटणं असं दिसलं की आवाज जास्त झाला, कमी करा.

रेबीजचं इंजेक्शन झालंय ना तिचं? लसींच्या नोंदीचं पुस्तक हाताशी ठेवा, एखाद्या पोराला दात लागला तर आईवडील पहिलं तेच विचारणार.

आणि दोन पायांवर उभं करायचं सध्या नको, हाडं वाढतायत अजून, मागच्या पायांवर आणि कण्यावर ताण येतो.

मंजिरी_कोथरूड
बापरे केवढं लिहिलंत, थँक्यू. लस झालीय, सगळी. बेदाण्यांचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांनी खिरापतच वेगळी करायची ठरवली, बिनबेदाण्याची, सगळ्यांसाठीच. सतरंजी टाकलीय, भुरीने आधी तिचे दोरे काढले. लेकीचं तोंड पडलंय नमस्काराच्या बातमीने.

अमेय_पिंचिं
मग दंडवत शिकवा ना! भुरी उभी असताना तुकडा नाकापासून खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, जरासा मागे न्यायचा. कोपरं जमिनीला लागतात आणि ढुंगण वर राहतं, त्याच क्षणी येस. अर्धा सेकंद उशीर झाला तर पूर्ण आडवी होते. आडवी होत असेल तर लेकीने दुसरा हात पोटाखाली आडवा धरायचा, दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. खेळायला बोलावताना कुत्री अशी वाकतातच, त्यामुळे पटकन येतं, आणि गणपतीपुढे दिसायलाही छान.

नाना_सातारकर
दंडवत घालणारं कुत्रं बघायला मी स्वतः येईन कोथरूडला. पण एक सांगतो, एवढ्या गर्दीत तुमच्या सतरंजीचं काही खरं नाही.

शुभदा_ठाणे
हे मात्र नानांचं बरोबर आहे. घरच्या चार माणसांत जमलं म्हणून पन्नास माणसांत जमेल असं नाही. मुख्य आरतीला आतल्या खोलीत ठेवा, पंखा चालू, टीव्हीचा आवाज, चघळायला काहीतरी, आणि आत्तापासून रोज थोडा वेळ त्या खोलीत एकटी राहायची सवय लावा, नाहीतर त्या दिवशी दार ओरबाडेल. दंडवत दुपारी, गर्दी ओसरल्यावर. नानांना दुपारचीच वेळ द्या.

नाना_सातारकर
चालेल. जेवून येऊ की जेवायला येऊ?